‘साउंड’चा आवाजाशी संबंध किती?

प्रश्न: इंग्रजी ‘साउंड’ म्हणजे आवाज. मग ‘साउंड स्लीप’, ‘साउंड हेल्थ’ यांत आवाज कुठून आला? मला वाटतं, मडकं वाजवून बघतात आणि नीट वाजलं तर ते पक्कं ठरतं, तसाच आवाजावरून ‘धडधाकट’ हा अर्थ आला असावा. हे बरोबर आहे का? शिवाय एका सागरी प्रवासवर्णनात ‘दे साउंडेड द साउंड ऑल नाइट, अँड अ‍ॅट डॉन फाउंड द हल साउंड’ असं वाक्य आहे. मी त्याचा अर्थ ‘ते रात्रभर आवाज करत राहिले आणि पहाटे त्यांना जहाजाच्या सांगाड्याचा आवाज ऐकू आला’ असा लावला. पुढच्या मजकुराशी तो जुळत नाही. कुठे चुकलं?

उत्तर:

तुमचा तर्क इंग्रजीला लागू पडत नाही. पण तो सुचला याचं कारण तुम्ही मराठीत विचार करता हे आहे, आणि मराठीत तो शंभर टक्के खरा आहे. ‘खणखणीत’ हा शब्द बघा. खणखणीत नाणं, खणखणीत आवाज, खणखणीत तब्येत, खणखणीत उत्तर. धातूचं नाणं दगडावर आपटलं की खोटं असेल तर बद्द वाजतं, खरं असेल तर खण्ण वाजतं. मडक्याला चीर गेली असेल तर बोटाच्या टिचकीला ते सांगतं. या वाजवून बघण्यातूनच ‘खणखणीत’चा अर्थ आवाजाकडून निरोगीपणाकडे गेला. म्हणजे मराठीत ही वाट एका शब्दाने खरोखर चालून दाखवली आहे. इंग्रजीत मात्र ‘आवाज’ आणि ‘धडधाकट’ हे अर्थ एकातून दुसरा निघालेले नाहीत. ते दोन वेगळे शब्द आहेत. त्यांचे आईबाप वेगळे, ते इंग्रजीत शिरले तो काळ वेगळा, आणि आज त्यांचं स्पेलिंग नि उच्चार एक आहेत तो निव्वळ योगायोग.

दोनच नव्हे, चार. मी गेली तीसेक वर्षं इंग्रजीतून मराठीत भाषांतर करते आणि इतरांची भाषांतरं तपासते. या काळात चुकीच्या अर्थाने सर्वांत जास्त वेळा समोर आलेला शब्द कुठला असं विचारलंत, तर मी ‘साउंड’चंच नाव घेईन. कारण उघड आहे. अवघड शब्द आला की माणूस कोश उघडतो. ‘साउंड’ कोण बघणार? तो तर पहिल्या वर्षापासून येतो.

एका शब्दाचे अनेक अर्थ आणि एकाच रूपाचे अनेक शब्द यांतला फरक आधी आपल्याच भाषेत बघू. ‘पाठ’ घ्या. पुस्तकातला तिसरा पाठ, आणि दुखणारी पाठ. पहिला संस्कृतातून जसाच्या तसा आला, ‘पठ्’ म्हणजे वाचणे-म्हणणे या धातूपासून. दुसरी ‘पृष्ठ’ या शब्दाची प्राकृतातून झिजत आलेली लेक. दोघांचा काडीचा संबंध नाही. मराठीचं भाग्य असं की लिंग त्यांना वेगळं ठेवतं. तो पाठ, ती पाठ. पाठाचा अर्थ, पाठीचा कणा. याउलट ‘डोळा’ घ्या. माणसाचा डोळा, मोरपिसावरचा डोळा, उसाच्या कांड्यावरचा डोळा. इथे शब्द एकच आहे, दिसण्यातल्या साम्यावरून तो पसरला. कोशकार ‘डोळा’ एका नोंदीत घालतो, ‘पाठ’ला दोन नोंदी देतो. इंग्रजी कोशात ‘साउंड’समोर बारीक 1, 2, 3, 4 असे आकडे दिसतात ते याचसाठी. तो आकडा बघायची सवय लावून घ्या, तो शब्दाच्या कुळाचा आकडा आहे.

इंग्रजीला लिंगाचा आधार नाही. म्हणून तिथे हे चौघे एकमेकांत पूर्ण मिसळून जातात, आणि त्यांना वेगळं करायला इतिहासातच शिरावं लागतं.

आवाजाचा ‘साउंड’ लॅटिनमधून आला. लॅटिनमध्ये तो ‘सोनुस’. तिथून जुन्या फ्रेंचमध्ये ‘सोन’, आणि इंग्लंडवर नॉर्मन राज्य आल्यावर त्यांच्या फ्रेंचमधून इंग्रजीत ‘सून’. शेवटी ‘ड’ नाही, हे लक्षात घ्या. 1400 साली वारलेला कवी चॉसर हा शब्द ‘ड’शिवायच लिहितो. मग ‘ड’ कुठून आला? कुठूनच नाही. तो तोंडात तयार झाला.

हे करून बघण्यासारखं आहे. ‘न’ म्हणा आणि जीभ हलवू नका. जिभेचं टोक दातांमागे टेकलेलं आहे, हवा नाकातून चालली आहे. आता जीभ तिथेच ठेवून नाकाची वाट किंचित आधी बंद करा आणि मग जीभ सोडा. ‘न’च्या शेपटाला एक ‘द’ किंवा ‘ड’ आपोआप उमटेल. सर्दीने नाक चोंदलेला माणूस ‘नाक’ला ‘दाक’ म्हणतो, त्याचं कारण हेच: जिभेची जागा तीच, फक्त नाकाची वाट बंद. म्हणून ‘न’च्या मागोमाग ‘द’ येणं ही जगभरच्या भाषांतली घटना आहे. संस्कृत ‘वानर’चं बोलीत ‘वांदर’ झालं, ते असंच. इंग्रजीत मेघगर्जनेचा ‘थंडर’ जुन्या काळी ‘थुनोर’ होता. त्याचा जर्मन भाऊ अजून ‘डॉनर’ आहे, ‘ड’शिवाय. कुटायच्या क्रियेचा ‘पाउंड’ हा ‘पूनिअन’ या क्रियापदाचा वंशज आहे, त्यातही ‘ड’ नंतरचा. बुडणे या अर्थाच्या ‘ड्राउन’ला कितीतरी इंग्रजीभाषक आजही ‘ड्राउंड’ करतात, आणि तिथे मात्र शिक्षक कान पकडतात. ‘सून’ला चिकटलेला ‘ड’ व्याकरणाने मान्य केला, ‘ड्राउन’चा नाकारला. दोन्हींमागची जीभ तीच.

हा ‘ड’ उपरा आहे याचा पुरावा त्या घरातल्या इतर शब्दांत सापडतो. सोनिक, सोनाटा, रेझोनन्स, युनिझन, कॉन्सोनंट, डिसोनन्स यांत कुठेही ‘ड’ नाही, कारण ते इंग्रजी जिभेवर घासले न जाता लॅटिन-फ्रेंच-इटालियनमधून बऱ्यापैकी मूळ रूपात आले.

आणि या घराची एक शाखा आपल्या अंगणात आहे. संस्कृतात ‘स्वन्’ म्हणजे आवाज करणे, ‘स्वन’ म्हणजे आवाज. मराठीत भाषाशास्त्र शिकलेल्यांना ‘स्वनविज्ञान’ आणि ‘स्वनिम’ हे शब्द परिचित असतील, त्यांतला हा ‘स्वन’. लॅटिन ‘सोनुस’ आणि संस्कृत ‘स्वन’ हे सख्खे चुलत भाऊ. यावर विश्वास बसत नसेल तर जोड्या लावून बघा. बहीण: संस्कृत ‘स्वसृ’, लॅटिन ‘सोरोर’. झोप: संस्कृत ‘स्वप्न’, ज्याचा मूळ अर्थ झोपच, लॅटिन ‘सोम्नुस’. आवाज: ‘स्वन’, ‘सोनुस’. या जोड्यांत जिथे संस्कृतात ‘स्व’, तिथे लॅटिनमध्ये ‘सो’. एक जोडी जुळली तर योगायोग म्हणता येईल. नियमाने जुळत गेल्या की नातं मानावं लागतं. एक सावधगिरी मात्र हवी. ‘स्वर’ला या घरात ओढू नका. तो दिसतो जवळचा, पण त्याचा धातू वेगळा आहे. ‘सोनार’ या यंत्राचं नावही थेट लॅटिन ‘सोनुस’वरून नाही, इंग्रजी शब्दसमूहाची आद्याक्षरं घेऊन, ‘रडार’च्या धर्तीवर ते जुळवलं आहे.

आता धडधाकट ‘साउंड’. हा इंग्रजीच्या मूळ घरातला, जर्मेनिक, म्हणजे इंग्रजी-जर्मन ज्या कुळातल्या आहेत त्या कुळाचा. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तो ‘येसुंद’ होता. पुढचा उपसर्ग गळून पडला आणि ‘सुंद’ उरला. जर्मनमध्ये तोच शब्द उपसर्गासकट जिवंत आहे: ‘गेझुंट’, म्हणजे निरोगी. कोणी शिंकलं की जर्मन माणूस ‘गेझुंटहाइट’ म्हणतो, म्हणजे ‘आरोग्य लाभो’. हा शब्द ऐकला की तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळतं. जर्मनमध्ये आवाजाला ‘लाउट’ किंवा ‘शाल’, निरोगीला ‘गेझुंट’. दोघांत गोंधळ व्हायला जागाच नाही. निरोगीपणा आवाजातून निघाला असता तर त्याची खूण या भावंडभाषांत कुठेतरी दिसली असती. दिसत नाही. मी स्वतः कुठलाही शब्द ‘एक की अनेक’ असा पेच पडला की पहिल्यांदा शेजारच्या भाषेत डोकावते. फ्रेंचमध्येही आवाज ‘सों’, निरोगी ‘सँ’, सामुद्रधुनी ‘देत्र्वा’, खोली मोजणे ‘सोंदे’. चार वेगळे शब्द.

‘सुंद’चा ‘साउंड’ झाला कसा, तेही सांगते, कारण त्यात एक मोठी शिस्त आहे. जुन्या इंग्रजीत ‘न्ड’च्या आधीचा ऱ्हस्व उकार लांबला. पुढे पंधराव्या ते सतराव्या शतकाच्या दरम्यान इंग्रजीतले बहुतेक दीर्घ ऊकार ‘आउ’ झाले. जर्मनमध्ये या शब्दांतला ऱ्हस्व उकार तसाच राहिला. म्हणून कुत्रा जर्मनमध्ये ‘हुंट’, इंग्रजीत शिकारी कुत्रा ‘हाउंड’. जमीन ‘ग्रुंट’ आणि ‘ग्राउंड’. वजनाचा ‘प्फुंट’ आणि ‘पाउंड’. आणि ‘गेझुंट’, ‘साउंड’. फ्रेंचमधून आलेला ‘सून’ही दीर्घ ऊकाराचा होता, त्यामुळे तोही याच लाटेत सापडला. एकाच्या शेपटाला ‘ड’ लागला, दुसऱ्याचा उपसर्ग गेला, दोघांचा स्वर एकत्र सरकला, आणि आपण आज ज्याला एक शब्द समजतो ती जोडी तयार झाली. जखमेचा ‘वूंड’ तेवढा या लाटेतून निसटला, तोही आधीच्या ‘व’मुळे, म्हणूनच त्याचं स्पेलिंग ‘साउंड’सारखं असून उच्चार वेगळा आहे.

या निरोगी ‘साउंड’साठी मराठीत एकच एक शब्द शोधू नका. ‘साउंड स्लीप’ म्हणजे गाढ झोप. ‘साउंड अ‍ॅडव्हाइस’ म्हणजे हिताचा, विचारपूर्वक दिलेला सल्ला. ‘साउंड नॉलेज’ म्हणजे पक्कं ज्ञान. मृत्युपत्रातल्या ‘ऑफ साउंड माइंड’ला आपल्याकडे ‘अक्कलहुशारीने’ हा जुना, सुरेख शब्द आहे. व्यवहारात तर आपण इंग्रजी शब्दच उचलला आहे: ‘पार्टी एकदम साउंड आहे’ असं म्हणताना ती पार्टी आवाज करते असं कोणी समजत नाही. तर्कशास्त्रात या शब्दाला काटेकोर व्याख्या आहे. तिथे ‘साउंड’ युक्तिवाद म्हणजे ज्यात निष्कर्ष गृहीतकांतून नियमाने निघतो आणि शिवाय सगळी गृहीतकं खरी असतात. नुसतं पहिलं असेल तर तो ‘व्हॅलिड’, पण ‘साउंड’ नाही. तत्त्वज्ञानाच्या भाषांतरात या दोन्हींना ‘योग्य’ असा एकच शब्द वापरलेला मी पाहिला आहे, आणि त्याने अख्खं प्रकरण निरर्थक होतं.

लाकूड, फळ, दात, जहाजाचं बूड असल्या वस्तूंना ‘साउंड’ म्हटलं असेल तर माझा आवडता शब्द ‘निकोप’. ज्यात कोप नाही, बिघाड नाही. न किडलेलं, न चिरलेलं, आतून भरीव. ‘खणखणीत’ने जे कानाला कळतं, ते ‘निकोप’ आवाजाचा आधार न घेता सांगतो. इंग्रजी शब्दाच्या मूळ अर्थाशी म्हणूनच तो जास्त प्रामाणिक वाटतो.

तिसरा ‘साउंड’ पाण्याचा. दोन समुद्रांना किंवा बेट आणि मुख्य भूमी यांना जोडणारी-तोडणारी अरुंद पट्टी, म्हणजे सामुद्रधुनी किंवा खाडीसारखा भाग. हा जुन्या नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेतला ‘सुंद’. त्याचा अर्थ ‘पोहणे’ आणि ‘सामुद्रधुनी’ असा दोन्ही होता. इंग्रजी ‘स्विम’च्याच मुळाचा. पोहून पार करता येईल इतकं पाणी, असा त्याच्यामागचा विचार असावा असं मला वाटतं. माशाच्या पोटातली हवेची पिशवी, जिच्यामुळे तो पाण्यात हव्या त्या उंचीवर तरंगतो, तिलाही इंग्रजीत ‘साउंड’ म्हणतात आणि तीही याच पोहण्याच्या ‘सुंद’ची.

नकाशावर हा शब्द पसरलेला आहे. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचा प्युजेट साउंड, ज्याला जॉर्ज व्हँकूव्हर या इंग्रज दर्यावर्दीने 1792 मध्ये आपल्या पीटर प्युजेट या अधिकाऱ्याचं नाव दिलं. न्यूझीलंडचा मिलफर्ड साउंड, जो भूगोलाच्या दृष्टीने ‘साउंड’ नाहीच. ती फ्योर्ड आहे, म्हणजे हिमनदीने कोरलेली आणि समुद्राचं पाणी शिरलेली दरी, पण नाव पडलं ते पडलं. त्याच्या दक्षिणेला डाउटफुल साउंड आहे. 1770 मध्ये इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुकला शंका होती की आत शिरलं तर शिडाचं जहाज पुन्हा बाहेर काढता येईल की नाही, म्हणून त्याने त्या बंदराला ‘शंकास्पद’ म्हटलं.

पण या सगळ्यांत इतिहासाने सर्वांत जड आहे तो डेन्मार्क आणि स्वीडन यांच्यामधला. स्थानिक भाषांत त्याला ओरेसुंद म्हणतात, आणि इंग्रज नाविक त्याला नुसतंच ‘द साउंड’ म्हणत. दुसरं नाव लावायची गरजच नव्हती. बाल्टिक समुद्रात ये-जा करणारी जहाजं बहुतेक याच चिंचोळ्या पाण्यातून जात, आणि सर्वांत अरुंद जागी, हेल्सिंगोर इथे, डेन्मार्कचा राजा त्यांच्याकडून जकात घेई. ही जकात 1429 मध्ये सुरू झाली आणि 1857 मध्ये आंतरराष्ट्रीय कराराने बंद झाली. तिच्या नोंदवह्या आजही शाबूत आहेत, आणि युरोपच्या व्यापाराचा अभ्यास करणाऱ्यांना त्या सोन्यासारख्या आहेत. इंग्रजीत या जकातीला ‘साउंड ड्यूज’ म्हणतात. काही वर्षांपूर्वी एका इतिहासग्रंथाचं भाषांतर माझ्याकडे तपासायला आलं, त्यात तिला ‘ध्वनिकर’ म्हटलं होतं. भाषांतरकार अत्यंत कष्टाळू होता. त्याने तळटीपही दिली होती की जहाजांच्या भोंग्यांवर हा कर असावा. ती तळटीप वाचून मला वाईट वाटलं. माणसाने विचार केला होता, शोध घेतला होता, फक्त चुकीच्या दारातून आत शिरला होता. तुमच्या मडक्याच्या तर्कासारखंच ते. तळटीप काढून टाकताना मी त्याला पत्र लिहून हे सगळं समजावलं, आणि तेव्हापासून ‘साउंड’वर टिपणं ठेवायला लागले.

चौथा ‘साउंड’ हा क्रियापद म्हणून येतो आणि तो मला सर्वांत प्रिय आहे. त्याचा अर्थ पाण्याची खोली मोजणे. फ्रेंच ‘सोंदे’ या क्रियापदातून तो इंग्रजीत आला. फ्रेंचने तो कुठून घेतला? जुन्या इंग्रजीत ‘सुंदयिर्द’ म्हणजे खोली मोजायची काठी आणि ‘सुंदराप’ म्हणजे खोली मोजायचा दोर असे शब्द सापडतात. त्यांतला ‘सुंद’ म्हणजे पाणी, समुद्र. उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांकडून तो फ्रेंचांनी उचलला आणि नॉर्मन काळानंतर तो फ्रेंच कपडे घालून इंग्रजीत परतला, असं मानणारे अभ्यासक बरेच आहेत. दुसरं मत असं की तो लॅटिनमधल्या ‘लाटेखाली’ अशा अर्थाच्या शब्दावरून बनला. मला पहिलं मत जास्त पटतं, कारण काठी आणि दोर यांची नावं हातात आहेत. तसं असेल तर तिसरा आणि चौथा ‘साउंड’ लांबून एकाच घरचे ठरतात. आवाजाचा आणि निरोगी ‘साउंड’ मात्र त्या घरचे नाहीत.

खोली कशी मोजत, ते डोळ्यांसमोर आणलं की हा शब्द कायमचा लक्षात राहतो. दोराच्या टोकाला शिशाचा लांबट गोळा. दोरावर ‘फॅदम’ या मापाने ठरावीक अंतरांवर खुणा: दोन फॅदमवर चामड्याच्या दोन पट्ट्या, तीनवर तीन, पाचवर पांढरं कापड, सातवर लाल, दहावर भोक पाडलेलं चामडं. कापडांचा पोतही वेगवेगळा असे, म्हणजे काळोखात रंग दिसला नाही तरी बोटांना कळावं. गोळ्याच्या बुडाला एक खळगा, त्यात चरबी भरायची. गोळा तळाला टेकला की चरबीला वाळू, चिखल, शिंपल्यांचा चुरा जे असेल ते चिकटून वर येई. म्हणजे किती खोल आहे ते दोर सांगे आणि खाली काय आहे ते चरबी सांगे. मोजणारा माणूस जहाजाच्या कडेला उभा राहून मोठ्याने आकडा ओरडे. मिसिसिपी नदीवर दोन फॅदम खोली लागली की ‘मार्क ट्वेन’ अशी आरोळी देत. ‘ट्वेन’ म्हणजे दोन. त्या नदीवर वाटाड्या म्हणून काम केलेल्या सॅम्युअल क्लेमेन्स या लेखकाने 1863 मध्ये तीच आरोळी टोपणनाव म्हणून घेतली.

‘फॅदम’ म्हणजे सहा फूट, म्हणजे सुमारे 1.83 मीटर. मूळ अर्थ पसरलेल्या दोन हातांमधलं अंतर. दोर ओढताना माणूस तेच करतो, हात पसरून एकेक वेंग मोजत जातो. यासाठी मराठीत ‘वाव’ हा नेमका शब्द आहे. जुन्या कोशांत तो दिलेला आहे आणि सागरी मजकुरात मी तोच वापरते. ब्रिटिश जहाज चॅलेंजरने 23 मार्च 1875 रोजी प्रशांत महासागरात असाच दोर सोडला आणि 4,475 वाव, म्हणजे 8 किलोमीटरहून जास्त खोली नोंदवली. जगातल्या सर्वांत खोल जागेला आज ‘चॅलेंजर डीप’ म्हणतात ते त्या जहाजावरून.

खोली मोजण्याच्या याच अर्थातून पुढचे सगळे फाटे फुटले. देवमासा सरळ खाली सूर मारतो त्याला ‘साउंड’ करणे म्हणतात. शस्त्रक्रियेत शरीराच्या पोकळीत घालून अंदाज घ्यायच्या लांब सळईला ‘साउंड’ म्हणतात. वातावरणाच्या वरच्या थरांची मोजमापं घ्यायला सोडतात ते ‘साउंडिंग रॉकेट’. त्याला ‘ध्वनिरॉकेट’ म्हणू नका, त्याचा धडाडण्याशी संबंध नाही. हवामानाच्या फुग्याला बांधतात त्या ‘रेडिओसाँड’मधला ‘साँड’ही हाच, पुन्हा एकदा फ्रेंचमधून घेतलेला. आणि माणसाच्या मनात काय आहे याचा अंदाज घेणे म्हणजे ‘टु साउंड समवन आउट’.

इथे मराठी किती सहज उभी राहते बघा. ‘ठाव घेणे’. पाण्याचा ठाव घेतात, मनाचाही ठाव घेतात. पाण्याचा थांग लागत नाही, तसा माणसाचाही लागत नाही. समुद्राच्या तळाकडून मनाच्या तळाकडे जाण्याची हीच उडी इंग्रजीने ‘साउंड’मध्ये घेतली आणि ‘फॅदम’मध्येही घेतली, कारण ‘आय कान्ट फॅदम इट’ म्हणजे मला थांग लागत नाही. तुम्ही आवाज आणि निरोगीपणा यांच्यात जो धागा शोधत होतात तो तिथे नव्हता. पाणी आणि मन यांच्यात मात्र तो दोन्ही भाषांत आहे. फक्त एक काळजी घ्या: मूल एकेक अक्षर जुळवून शब्द वाचतं त्यालाही ‘साउंड आउट’ म्हणतात, आणि तो आवाजाचा. पुढे माणूस असेल तर ठाव, शब्द असेल तर उच्चार.

गंमत पुढेच आहे. विसाव्या शतकात दोराची जागा आवाजाने घेतली. जहाजावरून पाण्यात आवाजाचा स्पंद सोडायचा, तळावर आपटून प्रतिध्वनी किती वेळाने परत येतो ते बघायचं. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1,500 मीटर जातो. प्रतिध्वनी दोन सेकंदांनी आला तर जाऊन-येऊन 3,000 मीटर, म्हणजे खोली 1,500 मीटर. या पद्धतीला इंग्रजीत ‘एको साउंडिंग’ म्हणतात, आणि जवळपास प्रत्येक इंग्रजी वाचकाला वाटतं की आवाज वापरतात म्हणून ‘साउंडिंग’. तसं नाही. ‘एको’ या शब्दात आवाज आला. ‘साउंडिंग’ ते जुनंच, दोर सोडण्याचं. जर्मनमध्ये या यंत्राला ‘एकोलोट’ म्हणतात आणि ‘लोट’ म्हणजे शिशाचा ओळंबा. तिथे गैरसमजाला वाव नाही. पण इंग्रजीत आवाजाचा आणि खोलीचा असे दोन अगदी परके ‘साउंड’ इथे एका यंत्रात शेजारी येऊन बसले, आणि आता त्यांना वेगळं ओळखणारेही थोडेच. मी ‘प्रतिध्वनी-खोलीमापन’ असं लिहिते. लांब आहे, पण खरं आहे.

रानडुकरांच्या कळपाला जुन्या शिकारी इंग्रजीत ‘साउंडर’ म्हणतात. तो या चौघांपैकी कोणाचाच नाही. जुन्या इंग्रजी ‘सुनोर’शी, म्हणजे डुकरांच्या कळपाशी, त्याचं नातं, आणि त्यातही तो आगंतुक ‘ड’ शिरलेला.

आता तुमचं वाक्य. त्यात ‘साउंड’ तीनदा आहे आणि आवाजाचा एकदाही नाही. पहिला क्रियापद आहे आणि त्याचं कर्म पाणी आहे, म्हणून तो चौथा. दुसऱ्याच्या आधी ‘द’ आहे आणि तो एक जागा दाखवतो, म्हणून तिसरा. शेवटचा ‘हल’चं विशेषण आहे, म्हणून तो निरोगी. जहाज रात्री अरुंद, अनोळखी पाण्यात अडकलं होतं, तळाला घासलं असेल अशी भीती होती, म्हणून खलाशी रात्रभर दोर सोडत राहिले. मी ते असं लिहीन: ‘रात्रभर ते त्या सामुद्रधुनीचा ठाव घेत राहिले, आणि उजाडल्यावर पाहिलं तर जहाजाचं बूड निकोप होतं.’